बोअरच्या पाण्यातलं लोह: फिल्टर बसवायचा तर पैसे नेमके कशाकशाला धरायचे?

केसनंद_रोड

नमस्कार मंडळी. वाघोलीच्या पुढे, केसनंद रस्त्याला आमचं रो-हाउस आहे. वाघोली २०२१ साली महापालिकेत आली, पण आमच्या गल्लीत पालिकेचा नळ अजून आलेला नाही. वर्षभर बोअर, आणि एप्रिल-मेमध्ये जोडीला टँकर.

बोअरचं पाणी नळातून येतं तेव्हा स्वच्छ दिसतं. बादलीत रात्रभर ठेवलं की पिवळट होतं आणि सकाळी तळाशी तांबूस गाळ बसलेला असतो. कमोडला डाग, बेसिनमध्ये नळाखाली लाल ओघळ, मुलीचे शाळेचे पांढरे मोजे तर आता पांढरे म्हणवत नाहीत. आरओच्या बाहेरची स्पन कॅन्डल (गाळ अडवणारी गाळणी) महिन्याच्या आत तपकिरी होते. आई-बाबा लवकरच कायमचे राहायला येताहेत, त्याआधी हे मार्गी लावायचंय.

दोन कोटेशन आली आहेत. एक २८ हजारांचं: १३ इंच व्यासाची फिल्टरची टाकी, आतलं मीडिया (लोह अडवणारे दाणे) आणि हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह. दुसरं ८५ हजारांचं: लोहाचा फिल्टर अधिक सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र), दोन्हीला ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह. पहिल्याने बाटलीत थेंब टाकून "लोह १.८ आहे" (लिटरला मिलिग्रॅम) असं सांगितलं. दुसऱ्याने काही तपासलंच नाही. मी ४० हजार बाजूला काढलेत. ज्यांनी बसवलाय त्यांनी कृपया सांगा, कोटेशनच्या बाहेर किती खर्च निघतो? आणि दरवर्षी किती लागतात?

मोरपिशी

वाचनखूण साठवली. मांजरीला आमच्याकडेही हेच रडगाणं आहे.

धायरीकर

कोटेशनच्या बाहेरचा खर्च हाच खरा खर्च, हे आधी लिहून ठेवा. आमचं बिल सांगतो. फिल्टर ३० हजार. त्यासाठी चौथरा, पाइपची फिरवाफिरव आणि बायपास (फिल्टर टाळून जाणारी लाइन) मिळून ७ हजार. हे कोटेशनमध्ये नव्हतं, "प्लंबिंग पार्टीकडून" अशी बारीक अक्षरात एक ओळ होती फक्त. जीएसटीही वेगळा होता.

पुढचं ऐका. बसवणाऱ्याने फिल्टर गच्चीवरच्या टाकीच्या खाली, घरात उतरणाऱ्या लाइनवर लावला. टाकीची उंची दहा-बारा फूट. तेवढ्या दाबावर नळाला पाणी येतं, पण बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून मीडिया धुणं, होत नाही. आतलं मीडिया उचललंच जात नव्हतं, वरच्या वर थोडं पाणी फिरून ड्रेनमधून बाहेर. पाच-सहा महिन्यांत लोहाचा गाळ बसून मीडियाचं ढेकूळ झालं आणि नळ बारीक धार सोडायला लागले. मग प्रेशर पंप घ्या म्हणाला, ९,५०० रुपये. शिवाय अर्धं मीडिया नवीन. म्हणजे ३० हजारांचा फिल्टर ५५ ला पडला.

खटपट_पुणे

एवढे पैसे घालायची गरजच काय? रो-हाउसला जमिनीखालची टाकी असेलच. बोअरचं पाणी तिच्यात सरळ सोडू नका. टाकीच्या तोंडाशी आडवा पीव्हीसी पाइप बांधा, त्याला खालून बारीक भोकं पाडा आणि पाणी शॉवरसारखं पडू द्या. हवा लागली की विरघळलेलं लोह गंजून बाहेर पडतं आणि रात्रभरात तळाशी बसतं. सकाळी वरचं पाणी गच्चीवर चढवा. मी ६०० रुपयांत केलंय. महिन्या-दोन महिन्यांनी टाकीचा गाळ काढावा लागतो, तेवढाच व्याप.

बाणेरची_सई

@खटपट_पुणे, सगळं बसत नाही हो. बारीक कण दिवसभर तरंगत राहतात. आमच्या सोसायटीत हेच केलं होतं. टाकीत गाळ बसला, पण फ्लशच्या टाकीत लाल थर येतच राहिला. हवा देणं चांगलंच, पण त्यानंतर गाळायला काहीतरी हवं.

नळकाम

मी भोसरीत याच धंद्यात आहे, त्यामुळे दुकान सांगणार नाही, हिशेब सांगतो.

पहिलं म्हणजे खरी तपासणी. थेंबांच्या किटवर ३० हजार घालू नका. राज्य आरोग्य प्रयोगशाळा पुण्यातच आहे, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, शिवाय एनएबीएल मान्यता असलेल्या खासगीही भरपूर आहेत. पाणी बोअरच्या तोंडाशीच घ्या, टाकीतून नको. पंप आधी दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. लोहासाठी प्रयोगशाळा आम्ल घातलेली वेगळी बाटली देते, तिच्यातच भरा, नाहीतर तिथे पोचेपर्यंत लोह बाटलीला चिकटलेलं असतं. एकूण लोह, विरघळलेलं लोह, मँगनीज, पीएच, जडपणा, टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) एवढं मागा. त्यातला मँगनीज सगळेच विसरतात आणि नंतर काळे डाग का पडतात म्हणून फोन करतात.

दुसरं, बोअरचा ओघ. २० लिटरची बादली घ्या आणि मोबाइलवर वेळ लावा. ३० सेकंदांत भरली तर ताशी २,४०० लिटर. हा आकडा लिहून ठेवा, सगळं बजेट यावर उभं आहे. १३ इंची टाकीतून ताशी हजार-बाराशे लिटर नीट गाळलं जातं. तीच टाकी बॅकवॉश करायला ताशी दोन ते अडीच हजार लिटरचा ओघ लागतो, म्हणजे साधारण दुप्पट. तो मिळाला नाही तर धायरीकरांचं झालं तेच होणार. एका बॅकवॉशला पंधरा मिनिटं धरली तर पाचशे-सहाशे लिटर पाणी जातं. ते कुठे सोडणार, हे चौथरा बांधायच्या आधी ठरवा.

तिसरं, बिलावर मीडियाचं नाव आणि किलो लिहून घ्या. "आयर्न रिमूव्हल मीडिया" एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नका. काही जण खाली खडी, मधे वाळू आणि वर जेमतेम चार बोटं मँगनीज डायऑक्साइड (लोह काढणारं खरं मीडिया) घालून टाकी भरतात. पहिले तीन महिने पाणी छान येतं.

मोरपिशी

@नळकाम, फार उपयोगी. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

पेठेतला

आमचा वेगळा अनुभव. आमच्याकडे बोअर नाही, पालिकेचंच पाणी, तरीही सकाळचं पहिलं पाणी लालसर यायचं. एका विक्रेत्याने लगेच लोहाचा फिल्टर सुचवला. वाड्यातल्या शेजाऱ्यांनी सांगितलं, आधी दोन बाटल्या भरा, एक सकाळी नळ सोडल्या सोडल्या आणि दुसरी वीस मिनिटांनी. पहिली तांबडी, दुसरी काचेसारखी. खडकवासल्यातून येणारं पाणी चांगलंच होतं, गंज आमच्या जुन्या जीआय (लोखंडी) पाइपचा होता. पाइप बदलले, प्रश्न मिटला, फिल्टर घेतलाच नाही.

पुण्यात पाणी पाइपात आणि टाकीत बिघडतं, हे जुनंच दुखणं असावं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या दगडी नळांनी शहरात पाणी आणलं, तेव्हा वाटेत गाळ काढायला उच्छ्वास, म्हणजे नळाची वर उघडणारी तोंडं, ठेवले होते. काळा हौद, बदामी हौद ही नावं आजही पत्त्यात आहेत.

रानजाई

कात्रजच्या नळांवर वेगळा धागा काढा ना कोणीतरी.

प्रयोगशाळेत जायच्या आधी घरी बघायचं असेल तर एक सोपा उपाय. हिरड्याची पूड चिमूटभर काचेच्या पेल्यात बोअरच्या पाण्यात घाला. लोह असेल तर थोड्या वेळात पाणी निळसर काळं पडतं. हिरड्यातल्या टॅनिनमुळे होतं ते. आमचं माहेर जुन्नरकडचं, तिथे हिरडा गोळा करणं हे अनेक घरांचं उत्पन्नच. पूर्वी हिरडा आणि हिराकस मिसळून शाई करत, ती याच तत्त्वावर. कोरा चहा घातला तरी चालतं. तुमच्याकडे चहा काळपट होतो का, @केसनंद_रोड?

केसनंद_रोड

होतो! दूध घातल्यावरही राखाडी दिसतो. आईने मागच्या वेळी चहापत्ती बदलायला लावली होती. तिला आज फोन करून सांगतो.

शुभ्रा_म

मोजे आणि शर्टांसाठी: ब्लीच अजिबात वापरू नका. क्लोरीनच्या ब्लीचने लोह कापडात आणखी पक्कं बसतं. कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखं धुवा. कमोडलाही तेच. किराणा दुकानात "लिंबाचं फूल" म्हणून मिळतं.

अंजनवेल

एक शंका. लोह तर शरीराला लागतं, मग प्यायला काय हरकत आहे? आमच्याकडे मुद्दाम लोखंडी कढईत भाजी करतात.

दवाखाना_रोड

परिचारिका आहे म्हणून उत्तर देते. पाण्यात साधारण जेवढं लोह सापडतं, तेवढ्यावर आरोग्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली नाही. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर कपड्यांना आणि भांड्यांना डाग पडायला लागतात, चव बदलते, त्रास मुख्यतः तोच. रक्त वाढेल म्हणून असलं पाणी प्यावं असंही नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत.

पण एक गोष्ट कळकळीने सांगते. लोहाचा फिल्टर जंतू मारत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, किरकटवाडी-नांदेड-धायरी भागात गुलियन बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले, तेव्हा लोक घरी जे दिसेल ते यंत्र बसवत होते. लाल पाणी पांढरं झालं की शुद्ध झालं, असं धरून चालू नका. तुमच्याकडे वयस्कर माणसं येताहेत. प्यायचं पाणी उकळा, किंवा यूव्ही (जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचा दिवा) असलेलं यंत्र ठेवा. आणि यूव्ही लोहाच्या फिल्टरनंतरच हवा. लोहाचा थर दिव्याच्या काचेवर बसला की किरण पाण्यापर्यंत पोचत नाहीत.

धायरीकर

@दवाखाना_रोड, शंभर टक्के. त्या महिन्यात आमच्या गल्लीत गॅसचा सिलिंडर लवकर संपायचा, सगळे पाणी उकळत होते.

अभय_हडपसर

मी दुसऱ्या कोटेशनच्या बाजूने बोलतो. पुण्याचा सगळा खडक बेसाल्ट, बोअरचं पाणी जड असणारच. लोह काढाल आणि गीझरची कॉइल पांढऱ्या थराने जाईल. एकदाच सॉफ्टनर घ्या, थोडं लोह तोही काढतो. दोन टाक्यांची गरज नाही, एकच सॉफ्टनर पुरे.

नळकाम

@अभय_हडपसर, अर्धं बरोबर. पूर्ण विरघळलेलं आणि थोडं लोह असेल तर सॉफ्टनर ते पकडतो, हे खरं. पण पाण्याला कुठेही हवा लागली की लोह गंजून सॉफ्टनरमधल्या रेझिनच्या दाण्यांवर बसतं, आणि मिठाच्या पाण्याने ते निघत नाही. रेझिन महाग असतं. लोहाचा फिल्टर आधी, सॉफ्टनर नंतर, हा क्रम बदलू नये.

जडपणासाठी अख्ख्या घराला सॉफ्टनर लागतोच असंही नाही. जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरं पाणी नसेल तर ६०० पर्यंत प्यायला चालतं, असं आपलं भारतीय मानक सांगतं. गीझर आणि वॉशिंग मशीनच्या लाइनवर छोटा सॉफ्टनर नंतरही लावता येतो, फक्त आत्ता पाइपात एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक व्हॉल्व्ह सोडून ठेवा. पाचशे रुपयांचं काम आहे, नंतर टाइल फोडावी लागली तर पाच हजारांचं होतं.

बाणेरची_सई

सॉफ्टनरचं ड्रेनचं पाणी खारट असतं, ते झाडांना घालू नका. लोहाच्या फिल्टरचं बॅकवॉशचं पाणी मात्र नारळाच्या आळ्यात सोडलं तरी चालतं. आमच्या शेजाऱ्यांकडे ड्रेनची लाइनच काढली नव्हती. पहिल्या बॅकवॉशचं लाल पाणी थेट पलीकडच्यांच्या नव्या पार्किंग टाइल्सवर गेलं. तो वाद अजून सोसायटीच्या प्रत्येक सभेत निघतो.

खटपट_पुणे

बागेचा नळ फिल्टरच्या आधी काढा, हेही लिहून ठेवा. झाडांना गाळलेलं पाणी कशाला? तेवढं मीडिया जास्त टिकेल.

जुनं_घर_सांगवी

पालिकेची लाइन येणारच आहे म्हणतात. दोन वर्षं थांबा आणि ४० हजार वाचवा, असं माझं स्पष्ट मत.

मोरपिशी

थांबायला हरकत नाही, पण मोजे रोज लागतात ना :)

केसनंद_रोड

थांबणं शक्य नाही, आई-बाबा येताहेत. आणि लाइन आली तरी बोअर बंद होणार नाही, उन्हाळ्यात तोच आधार.

अहवाल आला. बोअरच्या तोंडाशी, पंप वीस मिनिटं चालल्यावर घेतलेलं पाणी: एकूण लोह १.४, त्यातलं विरघळलेलं १.२, मँगनीज ०.०८, पीएच ७.६, जडपणा ४८०, टीडीएस ७२०. बादली मोजली, ३० सेकंदांना दोन-तीन सेकंद कमीच. म्हणजे ओघ ताशी २,४०० च्या थोडा वर.

त्यावरून नवं बजेट असं मांडलंय. फिल्टर ३१ हजार, कर धरून, मीडियाचं नाव आणि किलो बिलावर. चौथरा, पाइप, बायपास ७ हजार. कुंपणाच्या कडेने नारळापर्यंत ड्रेनची लाइन अडीच हजार. प्रयोगशाळा २,४००, हे गेलेच. फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबाचे काटे, दोन्ही मिळून बाराशे. एकूण ४४ हजारांच्या आसपास. फिल्टर बोअर आणि टाकीच्या मधे, म्हणजे प्रेशर पंप लागणार नाही. मीडिया चार वर्षांनी बदलावं लागेल असं धरून वर्षाला ३ हजार वेगळे ठेवतो. सॉफ्टनर सध्या नाही, टी सोडून ठेवतो. ऑटोमॅटिक व्हॉल्व्हही नाही, बाबा निवृत्त आहेत आणि त्यांनी बॅकवॉशचं काम आत्ताच मागून घेतलंय.

एकच प्रश्न. बोअर २,४०० देतो आणि १३ इंची टाकी हजार-बाराशे गाळते. मग १६ इंची घेऊन टाकू का? ९ हजार जास्त सांगतोय.

नळकाम

नका घेऊ. १६ इंचीला बॅकवॉशसाठी ताशी तीन हजारांच्या वर ओघ लागेल, तो तुमच्या बोअरकडे नाही. टाकी मोठी आणि धुतली न जाणारी, म्हणजे पुन्हा ढेकूळ. १३ इंचीच घ्या आणि गाळताना ओघ हजार-बाराशेवर आणा. त्यासाठी बॉल व्हॉल्व्ह फिल्टरच्या आधी लावा, नंतर नको. नंतर लावून दाबलात तर पंपाचा सगळा दाब टाकीवर आणि वरच्या मल्टिपोर्ट (हाताने फिरवायच्या) व्हॉल्व्हवर येईल, आणि बोअरचा पंप बंद नळावर फार दाब देतो. बॅकवॉशच्या वेळी हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा. व्हॉल्व्हच्या हँडलवर दोन जागी रंगाची खूण करून ठेवा, गाळताना इथे, धुताना इथे. बाबांना सोपं जाईल.

दोन काट्यांमधला फरक नेहमीपेक्षा वाढला की बॅकवॉश करायचा. १.४ लोहाला सुरुवातीला दोन-तीन दिवसांनी एकदा करून बघा, मग ड्रेनच्या पाण्याचा रंग बघून ठरवा. पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत थांबवायचं नाही, घाईत पाच मिनिटांत बंद करणारेच पुढे मीडिया लवकर बदलतात.

वाचलेल्या ९ हजारांतून प्यायच्या पाण्याच्या यंत्रात यूव्ही आहे की नाही ते बघा. दवाखाना_रोड ताईंचं म्हणणं मला पटलं.

धायरीकर

व्हॉल्व्ह आधी की नंतर, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आज घरी जाऊन बघतो.

अभय_हडपसर

क्रमाचं पटलं. पण गीझरच्या लाइनवरचा सॉफ्टनर वर्षभरात लावाच, ४८० म्हणजे कॉइल टिकणार नाही.

केसनंद_रोड

@नळकाम, मनापासून धन्यवाद. १३ इंचीचीच ऑर्डर देतो, आणि बॉल व्हॉल्व्हची जागा कोटेशनवर चित्र काढून लिहून घेतो. @अभय_हडपसर, दिवाळीनंतर सॉफ्टनर नक्की. @शुभ्रा_म, मोजे निम्मे तरी उजळले.

मोरपिशी

@केसनंद_रोड, मांजरीहून तुमच्याकडे फार लांब नाही. बसवल्यावर एकदा बघायला आले तर चालेल का? आमचा बोअर बादलीला पाऊण मिनिट घेतो, मला बहुतेक १० इंचीच लागेल.

केसनंद_रोड

अवश्य या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. येताना तुमच्या बोअरचं पाणी बाटलीत आणा, हिरड्याची पूड आता घरात आहे.